आधी उडी, मग शहर: आठ बिटच्या कन्सोलसाठी सुपरहिरोचा गेम कसा करायचा

सुपरहिरोचा गेम करायला बसलेले बहुतेक जण सुरुवात शहरापासून करतात. गच्च्या, दुकानांच्या पाट्या, मागे चंद्र. पंधरा दिवसांनी त्या शहरात नायक सोडला की लक्षात येते, की त्याला पाण्याच्या टाकीवर चढता येत नाही, आणि ज्या दोन गच्च्यांमधल्या फटीने धडकी भरायला हवी ती तो चालता चालता ओलांडतो. मग सगळे शहर पुन्हा काढायचे. इथे क्रम उलटा आहे. नायकाची उडी आधी आकड्यांत पक्की करायची आणि त्या आकड्यांवरून शहर बेतायचे.

यंत्र म्हणजे निन्टेन्डोचे फॅमिकॉम. ते जपानमध्ये १९८३ साली आले, आणि त्याचेच अमेरिकी रूप एनईएस १९८५ साली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा, कॅसेट घालून खेळायचा जो ‘व्हिडिओ गेम’ मिळायचा, तो बहुतेक वेळा याच फॅमिकॉमची नक्कल असे. नमुना म्हणून सनसॉफ्टचा १९८९चा ‘बॅटमॅन’ हाताशी ठेवा. ठोसा, भिंतीवरून उडी, आणि एकाच साठ्यातून खर्च होणारी तीन फेकायची हत्यारे. एवढ्या भांडवलावर पूर्ण गेम उभा राहतो हे त्यात दिसते. नायक मात्र स्वतःचा घडवा. दुसऱ्याच्या मालकीचा नायक घेतला तर गेम लोकांसमोर ठेवायची वेळ आली की अडचण होते.

लागणारी साधने सगळी फुकट आहेत. असेंब्लीसाठी, म्हणजे थेट प्रोसेसरच्या आज्ञा लिहिण्यासाठी, सीए६५. सी भाषेत लिहायचे असेल तर सीसी६५, पण पडदा सरकवण्याचा भाग तेव्हाही असेंब्लीतच ठेवा. टाइल, म्हणजे ८ बाय ८ पिक्सेलचे चित्राचे तुकडे, काढायला वायवाय-सीएचआर, संगीताला फॅमिस्टुडिओ, चाचणीला मेसेन हा इम्युलेटर, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम. पहिल्या गेमला एनरॉम ही सर्वात साधी कॅसेट पुरते. तिच्यात कोडसाठी ३२ केबी आणि चित्रांसाठी ८ केबी जागा असते. बँक बदलणाऱ्या, म्हणजे जादा मेमरी आळीपाळीने समोर आणणाऱ्या, कॅसेटच्या नादी पहिल्याच गेममध्ये लागू नका.

नायक किती जागा खातो

पडदा २५६ बाय २४० पिक्सेलचा. हलणारी चित्रे, म्हणजे स्प्राइट, एकूण ६४. पण खरी मर्यादा वेगळीच आहे: एका आडव्या रेषेवर ८ स्प्राइटच दिसतात. नववा काढलाच जात नाही, आणि यंत्र त्याबद्दल तक्रारही करत नाही.

नायक १६ बाय ३२ पिक्सेलचा धरा. ८ बाय ८च्या तुकड्यांनी तो ८ स्प्राइटचा होतो आणि प्रत्येक रेषेवर २ जागा घेतो. केप लावली की मागे एक उभी रांग वाढते, म्हणजे ३. दोन गुंड समोर आले, त्यांचे ४. झाले ७. कोणी एक गोळी झाडली की ८. दुसरी गोळी अदृश्य, आणि ती नेमकी नायकाला लागते. खेळणाऱ्याला हा गेमचा खोटेपणा वाटतो, आणि त्याचे चूक नाही. म्हणून शत्रू मांडताना नियम ठेवा: एका उंचीवर एका वेळी दोनच शत्रू, आणि त्यांतला झाडणारा एकच.

तरीही गर्दी होतेच. त्यासाठी स्प्राइटची यादी दर फ्रेमला (पडद्यावर नव्याने उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला) वेगळ्या ठिकाणापासून भरायची, म्हणजे कायमचे कोणी गायब होत नाही, सगळे थोडे थोडे लुकलुकतात. सुरुवातीची जागा दर फ्रेमला १७ने पुढे न्या. १७ आणि ६४ यांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळे पाळी सगळ्यांना मिळते. नायकाचे शरीर या फिरवाफिरवीत घेऊ नका, ते कायम यादीच्या सुरुवातीला ठेवा. केप मात्र यादीच्या शेवटी. यादीत मागे असलेला स्प्राइट चित्रातही मागे जातो, म्हणजे केप आपोआप पाठीमागे दिसते, आणि गर्दीत काही गळायचेच असेल तर पहिली ती गळते. त्याने कोणाचा जीव जात नाही.

रंग प्रत्येक स्प्राइटला तीनच, चौथा पारदर्शक. निळा पोशाख, लाल केप आणि त्वचा एवढ्यात तीन संपले, कडेला काळी रेघ काढायला रंग उरला नाही. यातून दोन वाटा आहेत. चेहऱ्यावर वेगळ्या रंगसंचाचा एक जादा स्प्राइट ठेवायचा. कॅपकॉमच्या १९८७च्या ‘मेगा मॅन’चा चेहरा असाच केलेला आहे, पण त्याने रेषेवरची एक जागा जाते. दुसरी वाट स्वस्त: पार्श्वभूमी काळी ठेवायची आणि नायकाच्या आकृतीतला काळा भाग पारदर्शकच सोडायचा. रात्रीचे शहर सुपरहिरोला शोभते, हा योगायोग कामाला घ्या. फक्त उजेडाच्या खिडकीसमोरून जाताना नायकाच्या पोटातून खिडकी दिसेल, तेव्हा खिडक्या छोट्या आणि त्याच्या वाटेच्या वर ठेवा.

काळा रंग म्हणून यंत्राच्या रंगयादीतला ‘०एफ’ घ्या. ‘०डी’सुद्धा काळाच दिसतो, पण त्याचा सिग्नल काळ्याच्याही खाली जातो आणि काही टीव्हींवर चित्र फाटते. इम्युलेटरवर हे कधीच कळत नाही.

उडीचे गणित

या यंत्रात अपूर्णांक नाहीत, म्हणून जागा आणि वेग दोन्ही दोन बाइटमध्ये ठेवा: वरचा बाइट पूर्ण पिक्सेल, खालचा बाइट पिक्सेलचे २५६ भाग. चांगले चालणारे आकडे असे:

उडीचा सुरुवातीचा वेग १०२४, म्हणजे फ्रेमला ४ पिक्सेल.
गुरुत्व फ्रेमला ४०.
धावण्याचा वेग ३८४, म्हणजे दीड पिक्सेल.
पडण्याचा कमाल वेग १२८०, म्हणजे ५ पिक्सेल.

कागदावर ही उडी ५१ पिक्सेल भरते. पण फ्रेमगणिक आधी वेग कमी करून मग जागा बदलली तर ४९ पिक्सेल, आणि आधी जागा बदलून मग वेग कमी केला तर ५३. एका ओळीची अदलाबदल, चार पिक्सेलचा फरक. कोणता क्रम हे एकदाच ठरवा आणि पुन्हा त्याला हात लावू नका. खाली पहिला क्रम धरला आहे.

४९ पिक्सेल म्हणजे १६चे तीन ब्लॉक, वर एक पिक्सेल शिल्लक. शहरातली प्रत्येक चढायची वस्तू तीन ब्लॉकपर्यंत आणि प्रत्येक न चढायची वस्तू चार ब्लॉकपासून पुढे. साडेतीन ब्लॉकची कोणतीही गोष्ट काढू नका. खेळणारा तिच्यावर वीस वेळा डोके आपटतो आणि तरी त्याला खात्री होत नाही.

सपाट जमिनीवर उडी ५० फ्रेम हवेत राहते आणि ७५ पिक्सेल जाते. तीन ब्लॉकचा खड्डा सहज, चारचा सांभाळून. पाचचा, म्हणजे ८० पिक्सेलचा खड्डा पायाची रुंदी धरली तर जेमतेम जमतो. तो फार तर शेवटच्या लेव्हलला, एकदाच.

उडीचे ए बटण लवकर सोडले तर उडी छोटी व्हायला हवी. नायक वर जात असताना ए सुटले आणि वेग ३८४पेक्षा जास्त असेल तर तो ३८४वर आणा. तिथून पुढे तो सातेक पिक्सेलच वर जातो. वेग एकदम शून्य करू नका, नायक काचेच्या छताला आपटल्यासारखा दिसतो.

दोन सवलती चोरून द्यायच्या. काठावरून पाय सुटल्यावर ५ फ्रेमपर्यंत उडी चालू द्या. तेवढ्यात नायक दोन-सव्वादोन पिक्सेलच पडतो, कोणाच्या डोळ्यांत येत नाही. आणि जमिनीला टेकायच्या आधी ५ फ्रेमच्या आत ए दाबले असेल तर टेकताच उडी द्या. हे दोन्ही नसले की लोक ‘बटण नीट लागत नाही’ म्हणतात आणि कंट्रोलर बदलून पाहतात.

टक्कर तपासायचा चौकोन चित्रापेक्षा लहान घ्या: १२ रुंद, २८ उंच. बाजूला तीन बिंदू तपासा, वर, मध्ये आणि खाली. दोनच तपासले तर त्यांच्यामधून एका ब्लॉकची कड सुटते आणि नायक छज्ज्यात कमरेपर्यंत रुततो. आधी आडवे सरका आणि टक्कर सोडवा, मग उभे सरका आणि पुन्हा सोडवा. दोन्ही एकदम केले की सपाट जमिनीवर चालतानाच नायक दोन ब्लॉकच्या सांध्यावर अडखळतो.

भिंत

भिंतीला चिकटल्यावर घसरण्याचा वेग २५६, म्हणजे फ्रेमला एक पिक्सेल. ए पुन्हा नव्याने दाबले की वरचा वेग १०२४ आणि भिंतीपासून दूर २ पिक्सेलचा धक्का, १० फ्रेम. त्या १० फ्रेम डावे-उजवे बटण ऐकायचे नाही.

इथे बहुतेकांची एक चूक होते. त्यांना वाटते, की त्या १० फ्रेमच्या बंदीने नायक एकाच भिंतीवर चढत राहणार नाही. हिशोब करून पाहा. दहा फ्रेमांत तो २० पिक्सेल दूर जातो, दीडच्या वेगाने परत यायला १४ फ्रेम लागतात, म्हणजे २४व्या फ्रेमला तो त्याच भिंतीवर असतो, आणि ४९ पिक्सेल वर. प्रत्येक भिंत शिडी झाली. बंदीने फक्त धक्क्याला वजन येते. चढण रोखायची तर शेवटची लाथ कोणत्या बाजूच्या भिंतीवर मारली ते एका बाइटमध्ये ठेवा आणि जमिनीला किंवा समोरच्या भिंतीला स्पर्श होईपर्यंत त्या बाजूला दुसरी लाथ देऊ नका.

आता समोरासमोरच्या भिंतींचा बोळ. ४ ब्लॉक रुंद असेल तर नायक ३२ फ्रेमांत पलीकडे पोचतो आणि दर लाथेला सुमारे ४५ पिक्सेल चढतो. ५ ब्लॉकला ४२ फ्रेम लागतात आणि चढण २७वर येते. ६ ब्लॉकला तो पलीकडे पोचेपर्यंत निघाल्या जागेपेक्षा ११-१२ पिक्सेल खाली आलेला असतो. म्हणजे चढायचा बोळ ४चा किंवा ५चा, आणि ‘इथून वर रस्ता नाही’ हे सांगायचे असेल तर ६चा. ३चा बोळ सोपा वाटतो, पण हात फार भरभर चालवावा लागतो आणि नवखे त्यातच अडकतात.

मग शहर

जमीन ८ बाय ८च्या टाइलने मांडू नका. चार टाइलचा १६ बाय १६चा ब्लॉक हा तुमचा एकक. रंगसंचही यंत्र १६ बाय १६लाच एक देते, त्यामुळे दोन्ही जुळतात. वरचे ३२ पिक्सेल ऊर्जा, हत्यार आणि गुणांच्या पट्टीला दिले की खेळाला १३ ओळी उरतात. एक पडदा १६ गुणिले १३, म्हणजे २०८ बाइट. आठ पडद्यांची लेव्हल १,६६४ बाइट, अशा पाच ८,३२०. बत्तीस केबीत कोड आणि संगीतासकट हे बसते.

पट्टी ३२चीच का? कारण रंगांचा एक बाइट ३२ बाय ३२चा भाग सांभाळतो. पट्टी २४ची केली तर तिचे आणि खालच्या इमारतीच्या माथ्याचे रंग एकाच बाइटमध्ये येतात, आणि शहर सरकले की आकड्यांचे रंग बदलायला लागतात. शिवाय जुन्या टीव्हीच्या काचेआड वरच्या ८ रेषा जातात, तेव्हा मजकूर दुसऱ्या टाइल-ओळीपासून.

पडदा सरकवताना दर ८ पिक्सेलला एक उभी रांग, २६ टाइलची, नजरेबाहेर लिहायची. दर ३२ पिक्सेलला रंगांचे ७ बाइट. हे सगळे फक्त चित्र काढून झाल्यावरच्या उसंतीत करता येते, आणि ती एनटीएससी (अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीच्या) यंत्रात प्रोसेसरच्या २,२७३ चक्रांची आहे. स्प्राइटची यादी पाठवायला ५१३-५१४, साध्या लूपने २६ टाइल लिहायला सुमारे ३९०, रंगांना दोनेकशे. निम्मी उसंत संपली. गुणांचे आकडे त्यात आरामात बसतात. पण त्याच वेळी संगीताचा कोड चालवला की बाहेर सांडते आणि पडद्यावर कचरा उमटतो. एनएमआयमध्ये, म्हणजे उसंत सुरू होताच आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये, आधी चित्राचे काम, संगीत त्यानंतर.

नेहमी भेटणारे तीन बिघाड. सरकताना शहर मधूनच उडी मारते: चित्र काढणाऱ्या चिपच्या २००६ या पत्त्यावर (हे पत्ते सोळाच्या पायावरचे) लिहिल्यावर सरकण्याची जागाही बिघडते, म्हणून २००० आणि २००५ सगळ्यात शेवटी लिहा. नवी रांग डोळ्यांदेखत उमटते: हेडरमधले, म्हणजे गेमच्या फाइलच्या सुरुवातीच्या माहितीतले, मिररिंग (पडद्याच्या मेमरीची मांडणी) चुकले आहे. आडव्या सरकण्याला ते उभे लागते, सातव्या बाइटचा शेवटचा बिट १. गेम मधूनच गोठतो पण संगीत चालू राहते: पट्टी आणि शहर वेगळे करायला शून्य क्रमांकाच्या स्प्राइटच्या पार्श्वभूमीशी होणाऱ्या टकरीची वाट पाहिली जाते, आणि ती टक्कर झालीच नाही. त्या स्प्राइटचा एक तरी रंगीत पिक्सेल पट्टीच्या रंगीत पिक्सेलवर पडला पाहिजे, आणि तो पडद्याच्या डाव्या टोकाच्या ८ पिक्सेलांत नको.

बॉस मोठा हवा असे सगळ्यांनाच वाटते. ६४ पिक्सेल रुंद बॉस स्प्राइटने काढला तर तो एकटाच रेषेवरच्या ८ जागा खातो, आणि यादीच्या सुरुवातीला असलेला नायक त्याच्यासमोर उभा राहिला की बॉसचाच काही भाग नाहीसा होतो. म्हणून मोठा बॉस पार्श्वभूमीच्या टाइलने काढतात, मागे काळे ठेवतात, आणि पडदा सरकवून त्याला हलवतात. वरची पट्टी आधीच वेगळी केलेली असल्याने ती हलत नाही. जमीन मात्र हलते. तिच्यावर नक्षी न काढता सपाट रंग ठेवला की ते दिसत नाही.

ठोसा आणि मार

ठोशाचे ३ फ्रेम तयारीचे, ४ लागण्याचे, ६ हात मागे घेण्याचे. तयारी ५च्या वर गेली की नायक म्हातारा वाटतो. ठोसा लागला की नायक आणि शत्रू दोघांना ३ फ्रेम गोठवा. सगळ्या गेममध्ये एवढ्या कमी कोडमध्ये एवढा परिणाम देणारी दुसरी गोष्ट नाही. ठोशात फक्त वरचे अर्धे शरीर बदला, पाय तेच ठेवा. नायकाची दहा-बारा चित्रे ८ टाइलच्या हिशोबाने ऐंशी-नव्वद टाइल खातात, आणि स्प्राइटच्या २५६ टाइलमध्ये शत्रूही बसवायचे आहेत.

मार बसल्यावर ६० फ्रेम अभय, आणि तेवढा वेळ नायक एका फ्रेमआड दाखवा. मागे ढकलायचे ते १६ पिक्सेलच. याहून जास्त ढकलले की प्रत्येक खड्ड्याच्या काठावरचा शत्रू फाशी होतो. फेकायच्या हत्यारांचा साठा एकच ठेवून खर्च १, २, ३ असा लावा. तीन वेगळे साठे ठेवले तर खेळणारा सगळ्यात चांगले हत्यार बॉससाठी राखतो आणि शेवटी ते न वापरताच मरतो.

आवाजाला दोन पल्स, एक ट्रायअँगल, एक नॉइज आणि एक नमुन्यांची (ध्वनिमुद्रित आवाजांची), अशा पाच वाहिन्या आहेत. उडी आणि ठोशाचे आवाज दुसऱ्या पल्सवर आणि नॉइजवर टाका, चाल पहिल्या पल्सवर, म्हणजे मारामारीत चाल तुटत नाही. नमुन्यांची वाहिनी ढोलासाठी वापरलीत तर कंट्रोलर वाचताना मधूनच खोटे बटण दाबले जाते, कारण नमुना मेमरीतून उचलला जाताना वाचन एका बिटाने सरकते. उपाय साधा: दोनदा वाचा आणि दोन्ही उत्तरे जुळेपर्यंत थांबा.

खऱ्या यंत्रावर

इम्युलेटरवर चालणारा गेम खऱ्या यंत्रावर सुरूच होत नाही, याचे नेहमीचे कारण म्हणजे चालू करताना २ केबी मेमरीत काहीही भरलेले असते आणि तुम्ही ते शून्य धरलेले असते. मेसेनमध्ये सुरुवातीची मेमरी यादृच्छिक करण्याची सोय आहे, ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. चित्र सुरू करण्याआधी दोन उसंती जाऊ द्या.

फ्रेममध्ये किती वेळ उरतो ते पाहायला खेळाचा हिशोब सुरू होताना २००१मधून पडदा राखाडी करा आणि संपताना परत रंगीत करा. राखाडी पट्टा जिथे संपतो तिथे तुमचे काम संपते. पट्टा पडद्याच्या तळाला लागला की एक शत्रू कमी.

पाल पद्धतीच्या (युरोप, भारतातल्या टीव्हीच्या) यंत्रावर सेकंदाला ६०ऐवजी ५० फ्रेम होतात, आणि गेम सहाव्या हिश्शाने मंद होतो. वेग सहा पंचमांश करा, गुरुत्व छत्तीस पंचविसांश: १०२४चे १२२९, ४०चे ५८, ३८४चे ४६१. उंची आणि लांबी जवळपास तीच राहते, शहर बदलावे लागत नाही. ५, १० आणि ६० फ्रेमच्या मुदतीही त्याच प्रमाणात कमी करा. मूळ पाल एनईएसमध्ये उसंत ७० रेषांची, ऐसपैस असते. नकली यंत्रांपैकी बऱ्याच जणांत ५० फ्रेम असूनही ती एनटीएससीइतकीच, २० रेषांची आहे, म्हणून ‘पाल आहे, जागा भरपूर’ असे समजून कोड लिहू नका. कॅसेट करताना फॅमिकॉमची आणि बहुतेक नकलांची पट्टी ६० पिनांची, एनईएसची ७२ पिनांची. आणि अशा नकली यंत्रावर चालीचा सूर बरोबर पण आवाज परका वाटला तर संगीत तपासत बसू नका. त्यांतल्या कित्येकांच्या चिपमध्ये पल्स वाहिनीची २५ आणि ५० टक्क्यांची रुंदी अदलाबदल झालेली असते.